परकी वस्तू आणि तिच्याभोवतीची भिंत

पायात रॉड बसवला, गुडघा बदलला किंवा छातीत पेसमेकर घातला, की भेटायला येणारं माणूस एक प्रश्न हमखास विचारतं : "शरीराने स्वीकारलं ना?" पुढे कधी सूज आली, दुखायला लागलं, तर निदानही तयार असतं : "बॉडीने रिजेक्ट केलं." दोन्ही वाक्यांमागे एकच समजूत आहे. शरीर जणू दाराशी उभं आहे आणि आलेल्या वस्तूला आत घ्यायचं की घालवून द्यायचं, हे ठरवतं आहे.

धातू, प्लॅस्टिक, सिलिकोन किंवा सिरॅमिकच्या वस्तूला शरीर आपलं मानत नाही. पण खोल बसवलेली ती वस्तू बाहेर फेकणंही त्याला जमत नाही. मग ते तिच्याभोवती भिंत बांधतं. जवळजवळ प्रत्येक इम्प्लांटच्या बाबतीत हे घडतं, उत्तम चाललेल्या इम्प्लांटच्या बाबतीतसुद्धा. एखादं इम्प्लांट वीस वर्षं टिकतं आणि दुसरं पंधरवड्यात निकामी होतं, याचं बरंचसं उत्तर या भिंतीत दडलेलं आहे.

आधी 'रिजेक्शन' या शब्दाचा गुंता सोडवू. हा शब्द अवयव प्रत्यारोपणातला. दुसऱ्या माणसाची किडनी बसवली, की तिच्या पेशींवर त्या माणसाच्या ओळखीच्या खुणा असतात, एचएलए नावाची प्रथिनं. आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी या खुणा वाचतात, परक्या ठरवतात आणि किडनीच्या पेशी मारायला निघतात. म्हणून किडनी बदललेल्या माणसाला प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं घेत राहावी लागतात. टायटॅनियमच्या स्क्रूवर अशी कोणतीच खूण नसते आणि त्यात मारण्याजोगी पेशीही नसते. म्हणूनच गुडघा बदललेल्या कुणाला डॉक्टर ती औषधं देत नाहीत. इथे कामाला लागते प्रतिकारशक्तीची फार जुनी शाखा. टी-पेशी आणि अँटिबॉडी या पृथ्वीवर यायच्या कितीतरी आधीपासून ती प्राण्यांच्या शरीरात आहे.

तिचा शोधही एका परक्या वस्तूमुळेच लागला. १८८२ साली एली मेच्निकॉफ हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिली बेटावरच्या मेसिनात राहत होते. घरची मंडळी सर्कस बघायला गेली होती आणि हे एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली स्टारफिशच्या अळ्या बघत बसले होते. या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात आणि त्यांच्या आत फिरणाऱ्या पेशी सहज दिसतात. मेच्निकॉफना वाटलं, या पेशी शरीराचं रक्षण करत असतील तर आत घुसलेल्या वस्तूभोवती त्या जमायला हव्यात. बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्यांनी अळ्यांच्या कातडीखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिलं तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता. या भक्षक पेशींच्या कामासाठी त्यांना १९०८ साली पॉल एर्लिक यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

त्या अळीत अँटिबॉडी नव्हत्या, टी-पेशी नव्हत्या. तरीही काटा टोचल्यावर काय करायचं हे तिच्या पेशींना ठाऊक होतं. आज लाखो रुपयांच्या कृत्रिम सांध्याभोवती आपल्या शरीरात जे घडतं, त्याची सुरुवात त्या काट्याभोवती घडली तशीच होते.

पहिले काही सेकंद

इम्प्लांट शरीरात ठेवलं की त्याला आधी गाठतात ती रक्तातली प्रथिनं. पेशी यायला अजून अवकाश असतो. सेकंदांच्या आत त्या पृष्ठभागावर प्रथिनांचा पातळ थर बसतो. सुरुवातीला गर्दी करतात ती भरपूर आणि चपळ असलेली प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन. थोड्या वेळाने त्यांना बाजूला सारून जड, पण पृष्ठभागाला जास्त घट्ट धरणारी प्रथिनं जागा घेतात. फायब्रिनोजेन हे त्यातलं महत्त्वाचं. प्रथिनांची ही अदलाबदल लिओ व्रोमन यांनी दाखवून दिली आणि तिला त्यांचंच नाव मिळालं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पांढऱ्या पेशी तिथे पोचतात तेव्हा टायटॅनियम किंवा प्लॅस्टिक त्यांना दिसतच नाही, ते प्रथिनांखाली झाकलं गेलेलं असतं. त्यांना दिसतं आपलंच प्रथिन, पण वेडंवाकडं झालेलं. कठीण पृष्ठभागाला चिकटताना प्रथिनाची घडी उलगडते आणि एरवी आत दडलेला भाग वर येतो. फायब्रिनोजेनचा असा उघडा पडलेला भाग पांढऱ्या पेशींना इशाऱ्यासारखा वाटतो, कारण जखमेत रक्त गोठतानाही तोच उघडा पडत असतो. १९९३ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात हे स्पष्ट दिसलं. ज्या उंदरांच्या रक्तात फायब्रिनोजेन उरलं नव्हतं, त्यांच्यात बसवलेल्या प्लॅस्टिकभोवती भक्षक पेशी फारशा जमल्याच नाहीत. प्लॅस्टिकवर आधीच फायब्रिनोजेनचा लेप दिला, तेव्हा मात्र जमल्या.

इम्प्लांट बनवणाऱ्यांच्या दृष्टीने यात एक मोठी सोय आहे. वस्तू कशाची बनली आहे याइतकंच तिच्या वरच्या थराला महत्त्व आहे. पृष्ठभाग पाणी धरतो की झटकतो, खडबडीत आहे की गुळगुळीत, त्यावर विद्युतभार आहे का, यावरून कोणतं प्रथिन बसणार आणि किती वाकडं होणार हे ठरतं. त्यामुळे आतला धातू तोच ठेवून वरची कातडी बदलता येते.

गिळता न येणारा घास

पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात. शस्त्रक्रियेची जखम झालेलीच असते, तिथे त्या येणारच. त्या दिवस-दोन दिवस राहतात, जंतू असले तर मारतात आणि मरून जातात. त्यांच्यामागून येतात मॅक्रोफेज, म्हणजे मोठ्या भक्षक पेशी. या कथेतलं मुख्य पात्र त्याच.

मॅक्रोफेजचं नेहमीचं काम म्हणजे गिळणं. जिवाणू, मेलेल्या पेशी, कचरा, जे दिसेल ते ती पोटात घेते आणि आम्लात व एन्झाइममध्ये विरघळवून टाकते. जिवाणू असतो साधारण एक मायक्रोमीटरचा आणि मॅक्रोफेज त्याच्या दहा-वीस पट. तो घास सोपा असतो. आता तिच्यासमोर खुब्याच्या सांध्याची वीतभर लांब दांडी ठेवा. पेशी त्या दांडीवर चढते, जमेल तितकी पसरते, कडा घट्ट चिकटवते आणि पोटात न मावणारा घास बाहेरूनच पचवायचा प्रयत्न सुरू करते. तिच्या आणि इम्प्लांटच्या मधल्या अरुंद फटीत ती आम्ल, एन्झाइम आणि ऑक्सिजनची अतिशय क्रियाशील रूपं सोडते. या बंद फटीत आम्लता इतकी वाढू शकते, की पीएच ४ च्या आसपास येतो.

टायटॅनियमला याचं फारसं काही वाटत नाही. सगळ्या पदार्थांचं तसं नसतं. १९८० च्या दशकात पॉलियुरेथेनचं वेष्टण असलेल्या पेसमेकरच्या काही तारांना भेगा पडलेल्या आढळल्या. तार बसवताना वेष्टणावर पडलेला ताण आणि त्यावर बसलेल्या मॅक्रोफेजचा रासायनिक मारा, या दोहोंनी मिळून ते प्लॅस्टिक चिरत नेलं होतं. शरीराच्या आतली जागा ऊबदार, खारट आणि रासायनिकदृष्ट्या बरीच कठोर असते. प्रयोगशाळेच्या टेबलावर दहा वर्षं टिकणारी वस्तू आत तेवढी टिकेलच असं नाही.

एकटीने जमत नाही म्हटल्यावर मॅक्रोफेज एकमेकींत विलीन होऊ लागतात. त्यांच्या भिंती मिटतात आणि एकच अवाढव्य पेशी तयार होते. तिच्यात कधी कधी डझनावारी केंद्रकं असतात. तिला महाकाय पेशी म्हणतात. एवढं करूनही घास गिळता येत नाहीच. पण या पेशी तिथून हलत नाहीत. चांगलं चाललेलं इम्प्लांट कित्येक वर्षांनी बाहेर काढलं, तरी त्याच्या अंगावर त्या बसलेल्या सापडतात.

गिळता येत नाही आणि हाकलता येत नाही, अशा वस्तूचं करायचं काय? तिला कोंडायचं. मॅक्रोफेज रासायनिक संदेश सोडतात आणि ते ऐकून फायब्रोब्लास्ट येतात. जखमेचा व्रण बनवणाऱ्या पेशी त्या याच. त्या कोलॅजनचे तंतू विणायला लागतात. दोन ते चार आठवड्यांत इम्प्लांटभोवती व्रणासारखीच घट्ट पिशवी तयार होते. तिची जाडी साधारण ५० ते २०० मायक्रोमीटर, म्हणजे एक ते तीन केसांएवढी. तिच्यात रक्तवाहिन्या फार कमी असतात. तिच्या आत वस्तू आणि बाहेर बाकीचं शरीर, अशी वाटणी होते.

कोंडलेल्या वस्तूचं काय होतं

कित्येकदा काहीच होत नाही. हाड जोडलं जाईपर्यंत धरून ठेवणारी प्लेट कोंडली गेली काय आणि न गेली काय, तिचं काम धरून ठेवण्याचं आहे. पेसमेकरची डबी कातडीखाली अशाच पिशवीत असते. काही वर्षांनी बॅटरी संपते, तेव्हा डॉक्टर तीच पिशवी उघडतात, जुनी डबी काढतात आणि नवी ठेवतात. शरीराने आपल्या बचावासाठी बांधलेली भिंत इथे खिशासारखी उपयोगी पडते.

म्हणूनच 'जैवसुसंगत', म्हणजे शरीराला चालणारा पदार्थ, या शब्दाचा अर्थ बदलत गेला. पूर्वी तो शरीरात कसलीच प्रतिक्रिया न उमटवणाऱ्या पदार्थासाठी वापरत. असा पदार्थ मिळालाच नाही. १९८७ साली डेव्हिड विल्यम्स यांनी नोंदवलेली व्याख्या आज सगळीकडे वापरली जाते. ठरावीक कामासाठी बसवल्यावर शरीराची योग्य अशी प्रतिक्रिया घेऊन आपलं काम करण्याची क्षमता, असा तिचा आशय आहे. यात 'ठरावीक काम' हे शब्द मला सगळ्यात मोलाचे वाटतात. एका जागी उत्तम चालणारा पदार्थ दुसऱ्या जागी पार फसू शकतो.

डोळ्यातली लेन्स पाहा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या कॉकपिटची छतं पर्स्पेक्स नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकची असत. १९४० साली गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या विमानाला गोळ्या लागल्या आणि छताचे तुकडे उडून त्याच्या डोळ्यांत घुसले. त्याच्यावर उपचार करणाऱ्या हॅरल्ड रिडली यांच्या लक्षात आलं, की हे तुकडे डोळ्यात राहूनही तो लालभडक होऊन सुजत नाही. मोतीबिंदू काढल्यावर रिकाम्या झालेल्या जागी याच प्लॅस्टिकची लेन्स बसवली तर? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी ती बसवली. समव्यवसायिकांचा विरोध त्यांना पुढे कित्येक वर्षं सोसावा लागला, कारण डोळ्यातली परकी वस्तू काढायची असते, घालायची नसते, हे तेव्हाचं शिक्षण. क्लीव्हरच्या उरलेल्या डोळ्यात पुढे मोतीबिंदू झाला, तेव्हा १९८७ साली त्याच्याही डोळ्यात अशी लेन्स बसली.

यात पर्स्पेक्सइतकंच श्रेय डोळ्याला आहे. डोळ्याचा आतला भाग प्रतिकारशक्तीला स्वतःहून लगाम घालून ठेवतो, कारण तिथे जराशी सूजसुद्धा दृष्टी घालवू शकते. तरीही लेन्सवर मॅक्रोफेज आणि महाकाय पेशी येतातच. नेत्रतज्ज्ञांना त्या सूक्ष्मदर्शकातून दिसतातही. फक्त त्या संख्येने थोड्या असतात आणि लेन्सचं काम थांबत नाही.

टायटॅनियमची गोष्ट वेगळी. १९५२ साली स्वीडनमध्ये पर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी निघेचना, हाड तिच्याशी एकजीव झालं होतं. दाताच्या इम्प्लांटचा पाया हाच. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाला असे स्क्रू बसवले. हवेत येताच टायटॅनियमवर त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर चढतो आणि हाडाच्या पेशींना तो मानवतो. पण एक अट आहे, स्क्रू हलता कामा नये. सुरुवातीच्या आठवड्यांत तो सुमारे १५० मायक्रोमीटरपेक्षा जास्त हलत राहिला, तर हाडाऐवजी भोवती व्रणाची मऊ पिशवी तयार होते आणि स्क्रू डुगडुगतो. माणूस तोच, धातू तोच, फरक फक्त हालचालीचा. काही संशोधक तर म्हणतात, की टायटॅनियमला चिकटलेलं हाड हीसुद्धा कोंडण्याचीच एक रीत आहे, इथली भिंत कोलॅजनऐवजी हाडाची आहे एवढंच. मला हे म्हणणं पटतं. भिंत टळत नाही, ती कशाची असावी यावर थोडाफार हात फिरवता येतो.

झिजेचा भुगा

या विषयातला सगळ्यात महागात पडलेला धडा खुब्याच्या सांध्याने शिकवला. इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्न्ली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस कृत्रिम खुब्याची वाटी टेफ्लॉनची केली. टेफ्लॉन निसरडं, रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय. कागदावर याहून चांगला पदार्थ सापडला नसता. सुमारे ३०० रुग्णांना तो सांधा बसवला गेला. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या आणि सांध्याभोवती सुजलेल्या ऊतीचे गोळे साचून हाड पोखरलं गेलं. चार्न्लींनी टेफ्लॉनचा आणि पॉलिथिलीनचा बारीक भुगा स्वतःच्या मांडीत टोचून घेतला. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठ हाताला लागत होती, पॉलिथिलीनच्या जागी तसं काही नव्हतं. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी पॉलिथिलीनची वाटी वापरायला सुरुवात केली आणि आधुनिक सांधेबदल खऱ्या अर्थाने सुरू झाला.

टेफ्लॉनचा अखंड तुकडा शरीराला चालतो. त्याचाच भुगा चालत नाही. कारण मॅक्रोफेजकडे पुन्हा बघितलं की उलगडतं. अखंड वाटी तिला गिळता येत नाही. पण एका मायक्रोमीटरहून लहान कण नेमका तिच्या तोंडात मावणारा घास असतो. ती तो गिळते, पण पचवू शकत नाही. पोटात न पचणारा कण घेऊन ती धोक्याचे संदेश सोडत राहते, शेवटी मरते. कण पुन्हा मोकळे होतात आणि दुसरी मॅक्रोफेज ते गिळते. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं. त्या संदेशांतले काही हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना जागं करतात आणि सांध्याला धरून ठेवणारं हाडच हळूहळू खाल्लं जातं. दहा-पंधरा वर्षं छान चाललेला सांधा एक दिवस सैल निघतो.

पॉलिथिलीनचीही झीज होतेच, फक्त सावकाश. सैल सांध्यांचा दोष बराच काळ सांधा हाडात पक्का बसवणाऱ्या सिमेंटवर जात होता आणि १९८० च्या दशकात 'सिमेंटचा आजार' असंही नाव त्याला मिळालं. सिमेंट न वापरलेले सांधेही तसेच सैल होऊ लागले, तेव्हा नजर झिजेच्या कणांकडे वळली. १९९० च्या दशकाच्या शेवटी किरणोत्सर्गाने रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंफलेलं, फार कमी झिजणारं पॉलिथिलीन आलं आणि हा त्रास बराच घटला.

दुसरा एक मार्ग मात्र फसला. प्लॅस्टिक झिजतं, तर वाटी आणि चेंडू दोन्ही धातूचे करावेत, अशी कल्पना होती. झिजेचं एकूण वजन खरोखरच घटलं. पण धातूचे कण नॅनोमीटरच्या मापाचे आणि संख्येने प्रचंड निघाले, वर कोबाल्ट आणि क्रोमियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटून रक्तात जाऊ लागले. काही रुग्णांच्या सांध्याभोवती गाठी झाल्या, स्नायू मेले. इथे भक्षक पेशींबरोबर टी-पेशीही उतरल्या होत्या, कारण धातूचे आयन आपल्या प्रथिनांना चिकटले की ती प्रथिनं टी-पेशींना परकी वाटू शकतात. निकेलच्या घड्याळपट्ट्याने मनगटावर पुरळ येतं, त्यामागचं कारण हेच. २०१० साली अशा सांध्यांचा एक मोठा ब्रँड जगभरातून परत मागवला गेला. तोवर हजारो माणसांच्या शरीरात तो बसलेला होता. कागदावर सुबक दिसणाऱ्या युक्तीची किंमत रुग्णांनी मोजली, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणीही विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

रिजेक्शन नव्हे, जंतुसंसर्ग

सांधा किंवा रॉड बसवल्यावर ताप, पू, लालसर सूज आली, की पुन्हा तोच शब्द निघतो : रिजेक्ट झालं. बहुतेक वेळा तो जंतुसंसर्ग असतो, आणि नाव चुकलं की उपचाराला उशीर होतो. परकी वस्तू असली, की संसर्गाला फार थोडे जंतू पुरतात. १९५७ साली एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकोकस जिवाणू टोचून पाहिले. नुसत्या कातडीत पू व्हायला लाखो जिवाणू लागत. टाक्याचा धागा असेल, तर काहीशे पुरत.

याचं कारणही त्या गिळता न येणाऱ्या घासातच आहे. इम्प्लांटशी झगडण्यात अडकलेल्या भक्षक पेशी जंतू मारायला कमी पडतात. शिवाय जिवाणू पृष्ठभागावर चिकटून स्वतःभोवती चिकट लेप तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. तिच्या आत अँटिबायोटिक्स नीट पोचत नाहीत, पांढऱ्या पेशीही पोचत नाहीत. म्हणून बसलेला संसर्ग नुसत्या गोळ्यांनी सहसा जात नाही आणि पुष्कळदा इम्प्लांट काढावं लागतं. १९८७ साली अँथनी ग्रिस्टिना यांनी याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं. आधी आपल्या पेशी पोचल्या तर जागा आपली, आधी जिवाणू पोचले तर त्यांची.

तेव्हा दुखणाऱ्या इम्प्लांटमागे काय असू शकतं? जंतुसंसर्ग, झिजेमुळे सैल झालेला सांधा, न जुळलेलं हाड, क्वचित धातूची अ‍ॅलर्जी. प्रत्येकाची तपासणी वेगळी आणि उपचार वेगळे. 'बॉडीने रिजेक्ट केलं' म्हणून हातपाय गाळणाऱ्या माणसाचे उपचाराचे दिवस हातचे जातात.

भिंतीपलीकडे पोचायचं असेल तर

आतापर्यंतची इम्प्लांटं धरून ठेवणारी किंवा टेकू देणारी होती. काही उपकरणांना मात्र भिंतीपलीकडे संवाद साधावा लागतो आणि तिथे केसभर जाडीची पिशवीसुद्धा घात करते.

पेसमेकरच्या तारेचं टोक हृदयाच्या स्नायूला विजेचा सूक्ष्म ठोका देतं. पूर्वी पहिल्या काही आठवड्यांत त्यासाठी लागणारी वीज वाढत जायची, कारण टोक आणि स्नायू यांच्यामध्ये व्रण तयार होत असे. १९८० च्या दशकात कुणीतरी त्या टोकातच डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा कण ठेवायची युक्ती काढली. मात्रा एका मिलिग्रॅमहूनही कमी, पण तो तिथल्या तिथे हळूहळू झिरपतो, सूज दाबतो आणि व्रण पातळ राहतो. बाकी शरीराला त्याचा पत्ताही लागत नाही. मला ही युक्ती फार आवडते. संबंध प्रतिकारशक्ती दाबायची गरज नाही, नेमक्या ठिकाणी तिला थोडं शांत करायचं.

हाच विचार स्टेंटमध्ये, म्हणजे अरुंद धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीत, आला. साध्या धातूचा स्टेंट घातलेली धमनी दर चार-पाच रुग्णांमागे एकाची पुन्हा अरुंद होई, कारण जखमी भिंतीतल्या पेशी वाढून जाळी भरून टाकत. किडनी बदललेल्या रुग्णांना देतात ते सिरोलिमस हे औषध स्टेंटवर चढवलं आणि हे प्रमाण खूप खाली आलं. २००३ साली अमेरिकेत अशा स्टेंटला मान्यता मिळाली. पण औषधाने वाढ रोखताना जखम भरणंही लांबवलं. स्टेंटची जाळी उघडी राहिली, तर त्यावर रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून स्टेंटनंतर रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नयेत.

रक्तातली साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरची अडचण आणखी मोठी. त्याची बारीक तार कातडीखाली असते आणि पेशींमधल्या द्रवातली साखर मोजते. तारेभोवती जमलेल्या मॅक्रोफेज स्वतःच साखर खातात, पुढे व्रणाची पिशवी साखरेची वाट अडवते. सेन्सर दहा-पंधरा दिवसांनी बदलावा लागतो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. कातडीखाली पूर्णपणे बसवायच्या एका प्रकारच्या सेन्सरला डेक्सामेथासोनचं कडं लावलं, तेव्हा तो कित्येक महिने चालू लागला.

औषधाशिवायचे मार्गही शोधले जात आहेत. ३० ते ४० मायक्रोमीटरची, एकमेकांना जोडलेली छिद्रं असलेला पदार्थ बसवला, तर मॅक्रोफेज त्या छिद्रांत शिरतात, निवळतात आणि पिशवी विणण्याऐवजी रक्तवाहिन्या वाढू देतात. काही संशोधकांनी मुळावरच घाव घातला आणि प्रथिनंच चिकटू न देणारे हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारे मऊ जेल, बनवले. धन आणि ऋण भार शेजारी शेजारी असल्यामुळे ते पाण्याला इतकं घट्ट धरतात, की प्रथिनाला टेकायला जागाच उरत नाही. २०१३ साली उंदरांत तीन महिने ठेवलेल्या अशा हायड्रोजेलभोवती व्रणाची पिशवी बनली नव्हती.

माझं सगळ्यात जास्त लक्ष आहे ते मधुमेहासाठी चाललेल्या कामाकडे. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. नव्या पेशी बसवल्या, तर टी-पेशी त्यांना मारतात. म्हणून त्या समुद्री शैवालापासून मिळणाऱ्या अल्जिनेट जेलच्या मण्यांत बंद करायच्या. साखर, ऑक्सिजन आणि इन्सुलिन आरपार जातील, टी-पेशी आत येणार नाहीत. कल्पना सुरेख, पण मण्यांभोवती भिंत उभी राहते आणि आतल्या पेशी ऑक्सिजनविना गुदमरतात. २०१५ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं, की मण्याचा व्यास अर्ध्या मिलिमीटरऐवजी दीड मिलिमीटर केला तर भोवतीचा व्रण खूप कमी होतो. मग त्यांनी अल्जिनेटला वेगवेगळे रासायनिक गट जोडून शेकडो प्रकार तपासले. त्यातले निवडक प्रकार माकडांमध्ये सहा महिने भिंतीविना राहिले. २०१६ साली अशाच मण्यांत मूलपेशींपासून तयार केलेल्या माणसाच्या इन्सुलिन-पेशी भरून त्या मधुमेही उंदरांत बसवल्या. उंदरांची प्रतिकारशक्ती शाबूत होती, ती दाबणारं कोणतंही औषध दिलं नव्हतं. १७४ दिवस त्यांची साखर काबूत राहिली. मग मणी बाहेर काढून पाहिले, तेव्हाही आतल्या पेशी जिवंत होत्या आणि इन्सुलिन बनवत होत्या.